भाड्याचं घर खाली करा म्हणाले तर? सही करण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा भाडेकरार कसा वाचायचा ते बघितलं. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे दुकानाचे नव्हतेच, घराचे होते. "सर, मालक खोली खाली करा म्हणतायत, काय करू?" सोलापुरात हे साहजिक आहे. आपल्याकडं पूर्व भागात घर आणि धंदा वेगळा कुठं असतो? पुढच्या खोलीत शिलाई मशीन, माळ्यावर मालाची पोती, उंबऱ्यात बसून विड्या वळणं. घर गेलं की धंदाही रस्त्यावर येतो. म्हणून आजचा धडा घराच्या भाडेकरूवर. व्हिडिओत वेळ कमी पडला, इथं सविस्तर सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वकील नाही, दुकानदार आहे. पण हा विषय मी पुस्तकातून शिकलेलो नाही, दुकान घालवून शिकलोय.

गोष्ट पहिली: आमचं दुकान

आमच्या वडिलांनी १९८८ साली पेठेत एक गाळा भाड्यानं घेतला. चादरी, टॉवेल, लुंग्या. भाडं रोख, दर महिन्याच्या पाच तारखेला. जुने मालक पावती द्यायचे, दोन बोटांएवढ्या कागदावर. वडील त्या पावत्या खिळ्याला लावून ठेवायचे. मालक वारले. त्यांच्या पुढच्या पिढीनं कारभार हातात घेतला आणि २०११ मध्ये एक कागद आणला. "काका, फक्त फॉर्म्यालिटी आहे, बँकेला दाखवायला लागतं." अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार होता तो. वडिलांनी चष्मा न लावता सही केली. पुढची दोन वर्षं तसाच करार पुन्हा पुन्हा झाला. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं, "मुदत संपली, गाळा सोडा."

वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, "जुनी भाडेदारी संपलीच नव्हती असं मांडता येईल. १९८८ पासूनच्या पावत्या आणा." पावत्या कुठायत? दिवाळीच्या रंगकामात खिळ्यासकट गेल्या. वडिलांचं मन आधीच मोडलं होतं. आम्ही गाळा सोडला. मी तेव्हा बीबीए झालेलो होतो. ताळेबंद वाचता येत होता, पण वडिलांनी सही केलेला कागद मी तीन वर्षांत एकदाही उघडून बघितला नव्हता.

यातनं जे शिकलो ते एका ओळीत: कायदा भाडेकरूच्या मागं उभा राहतो, पण तुमच्या हातात कोणता कागद आहे ते बघून.

आधी ओळखा: तुम्ही कोणते भाडेकरू?

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी आपल्या भागात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्याची बातमी वाचून बरेच जण गोंधळतात. पण तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडं आधार १९९९ च्या कायद्याचाच.

या कायद्याच्या नजरेत भाड्यानं राहणारे ढोबळमानानं दोन प्रकारचे.

एक, भाडेकरू. जुन्या वाड्यातले, चाळीतले, महिन्याच्या भाड्यानं वर्षानुवर्षं राहणारे. करार कागदावर नसला, तोंडी असला, तरी भाडं देणं-घेणं सिद्ध झालं तर हे भाडेकरू. यांना संरक्षण भक्कम आहे.

दोन, लिव्ह अँड लायसन्सवाले. यांना मालकानं ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी दिलेली असते. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं, तर कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई बसू शकते. तिथलं समन्स आल्यावर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. नाही मागितली, तर तुमचं न ऐकताच निकाल लागतो.

आता आमच्या वडिलांची चूक लक्षात आली का? ते पहिल्या खान्यात होते. एका सहीनं ते स्वतःच्या पायांनी दुसऱ्या खान्याकडं चालत गेले. त्यांचा गाळा होता, तुमचं घर असेल. सापळा तोच.

मालक कोणत्या कारणानं काढू शकतो?

"मालक आहे, त्याच्या मनात आलं की काढेल" असं भाडेकरूच्या बाबतीत नाही. कारण कायद्यात बसावं लागतं आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. मुख्य कारणं अशी:

१. भाडं थकवणं. पण इथं भाडेकरूला दोन संधी आहेत. पहिली, मालकानं थकबाकीची लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर ९० दिवस जाईपर्यंत त्याला दावा लावता येत नाही. दुसरी, दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरायची, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा आणि निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहायचं. एवढं पाळलं तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. हे कलम १५. ही तारीख चुकवू नका. कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा.

२. पोटभाडेकरू ठेवणं. परवानगी नसताना दुसऱ्याला खोली दिली, की केस तिथंच कच्ची झाली.

३. लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम. यात सगळंच येत नाही. लाकडी पार्टिशन, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, खिडकी पाडणं, एसी बसवणं याला कायदा पक्कं बांधकाम मानत नाही.

४. शेजाऱ्यांना उपद्रव, बेकायदा वापर, किंवा ज्या कामासाठी जागा दिली त्यापेक्षा वेगळा वापर.

५. दावा लागायच्या आधी सलग सहा महिने घर सबळ कारणाशिवाय बंद ठेवणं. पुण्याला मुलाकडं जाऊन राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

६. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी आणि प्रामाणिक गरज असणं. सगळ्यात जास्त दावे याच कारणावर चालतात.

७. इमारत पाडून नवी बांधायची असणं, किंवा धोकादायक म्हणून पालिकेनं पाडायला सांगितलेली असणं.

सहाव्या कारणाबद्दल थोडं थांबू. मालकाची गरज खरी ठरली तरी गोष्ट तिथं संपत नाही. घर खाली केल्यानं भाडेकरूची अडचण जास्त, की न केल्यानं मालकाची? ही तुलना कोर्टाला करावीच लागते. गरज भागत असेल तर अर्ध्याच जागेचा ताबाही देता येतो. ही तुलना नुसती कागदी नाही. महाबळेश्वरच्या एका इमारतीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ३० जानेवारी २०२४ रोजी भाडेकरूंना काढायचा हुकूम रद्द केला. त्यातलं एक कारण हेच होतं, की खालच्या कोर्टानं दोघांच्या अडचणींची तुलना केलेली नव्हती. म्हणून मुलांची शाळा, घरातलं आजारपण, पर्यायी घर शोधलं पण परवडलं नाही, याचे पुरावे जपून ठेवा. आणि "स्वतःला हवंय" म्हणून ताबा घेतला, पण महिन्याभरात मालक राहायला आला नाही किंवा वर्षभरात दुसऱ्याला भाड्यानं दिलं, तर जुना भाडेकरू घर परत मागू शकतो. हे कलम १७. फारसं कुणाला माहीत नसतं.

सातव्याबद्दलही एक. पावसाळ्यात जुन्या वाड्यांना नोटिसा लागतात. भिंत खरंच पडायला आली असेल तर हट्ट करू नका, बाहेर पडा. जीव पहिला. पण बाहेर पडलात म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. सांगलीच्या एका प्रकरणात पालिकेनं इमारत पाडली होती. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं, की इमारत पडली म्हणून भाडेदारी आपोआप संपत नाही. फक्त निघण्याआधी तुमच्या ताब्यात किती जागा होती त्याची मोजणी लेखी करून घ्या, फोटो काढा.

कुलूप, वीज, पाणी: हे चालत नाही

आता जे सोलापुरात प्रत्यक्ष घडतं त्याबद्दल. मालक कोर्टात जात नाही. कोर्टाला वर्षं लागतात हे त्यालाही माहीत असतं. मग नळ बंद होतो. मीटरची वायर निघते. आपण गावाला गेलो की दाराला दुसरंच कुलूप दिसतं.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास-सफाई या अत्यावश्यक सोयी आहेत. पुरेशा कारणाशिवाय मालकानं त्या तोडल्या तर कलम २९ प्रमाणे कोर्टात अर्ज करून त्या परत चालू करून घेता येतात, आणि असं करणाऱ्या मालकाला शिक्षाही होऊ शकते. विजेचं तर अजून सोपं आहे. २००३ च्या वीज कायद्यात जागेचा मालक किंवा तिथं राहणारा, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो. मालकाची ना-हरकत नाही एवढ्यावरून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

कुलूप लावलं किंवा सामान बाहेर टाकलं तर? ज्याचा ताबा स्थिर आहे त्याला खुद्द मालकसुद्धा कायद्याच्या मार्गाशिवाय हाकलू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ पासून अनेकदा सांगितलंय. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपलेल्यालाही गुंड पाठवून काढता येत नाही. आणि काढलंच, तर विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात घर कुणाचं हा प्रश्न नसतो. काल ताबा कुणाचा होता आणि तो जबरदस्तीनं घेतला का, एवढंच बघतात. मुदत फक्त सहा महिने. "बघू, बोलणी चालू आहेत" म्हणत सातवा महिना उजाडला तर हा रस्ता बंद.

पोलीस बऱ्याचदा "ही दिवाणी बाब आहे" म्हणतात. भाड्याचा वाद दिवाणी आहे, खरंय. पण कुलूप फोडणं, धमकी, मारहाण दिवाणी नाही. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ती पोच पुढं पुरावा होते.

गोष्ट दुसरी: शेंगा चटणीवाल्या ताई

मागच्या डिसेंबरात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. दोन खोल्यांत राहतात, तिथंच शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतात. गड्ड्याची ऑर्डर हातात होती, शंभर किलो शेंगदाणे भाजायचे होते. "सर, मालक पंधरा दिवसांत खोल्या खाली करा म्हणतायत. नाहीतर या कागदावर सही करा म्हणले."

मी तीन प्रश्न विचारले. कधीपासून राहता? "सासूबाईंनी १९९६ ला घेतलेल्या खोल्या. त्या तीन वर्षांमागं गेल्या." भाडं कसं देता? "रोख. मालकांच्या वहीत लिहितात." आणि कागद कसला? त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. अकरा महिने. लिव्ह अँड लायसन्स. माझ्या पोटात गोळाच आला. वडिलांनी सही केली तोच कागद, फक्त नावं वेगळी.

"ताई, सही करू नका. आणि भांडूही नका."

का, ते बघा. सासूबाई भाडेकरू होत्या. भाडेकरू वारल्यावर त्यांच्यासोबत त्या घरात राहणारं घरचं माणूस भाडेकरू होतं. म्हणजे ताईंची भाडेदारी १९९६ पासून चालत आलेली आहे. त्या कागदावर सही केली असती, तर उद्या हेच सिद्ध करत बसावं लागलं असतं.

मग आम्ही कागद गोळा केले. सासूबाईंच्या नावाचं जुनं रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक. पुढचं भाडं बँकेतून पाठवलं, "डिसेंबरचं घरभाडं" असं लिहून. मालकांनी दुसऱ्या दिवशी पैसे परत पाठवले. छान! परत पाठवल्याची नोंदच "मी द्यायला तयार होते" याचा पुरावा झाली. मग त्याच रकमेचा चेक पत्रासोबत स्पीड पोस्टानं पाठवला. भाडं घेतलं की पावती देणं हे कायद्यानं मालकाचं काम आहे, हे पत्रात नम्रपणे लिहिलं.

वकिलाला पैसे नव्हते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. हेल्पलाइन १५१००. ताईंना वकील मिळाले, त्यांनी मालकांना उत्तर पाठवलं.

ताईंची बाजू सगळीकडून पक्की होती असं नाही. मालकांनी मुद्दा काढला, "घर राहायला दिलं होतं, कारखाना काढायला नाही." हा कच्चा दुवा होता. वकिलांनी तो झाकला नाही. कुटुंब तिथंच राहतं आणि घरगुती प्रमाणात खाद्यपदार्थ करतं, असं मालकांकडून लिहून घ्यायचं ठरवलं. मालकही काही राक्षस नव्हते. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, खोली खरंच कमी पडत होती. दोन बैठका झाल्या. भाडं कायद्यातल्या वर्षाला चार टक्के वाढीच्या हिशेबानं वाढवलं, पावती सुरू झाली, घरगुती कामाचं लेखी मिळालं, आणि मालकांनी मुलासाठी वरच्या मजल्याची डागडुजी करायचं ठरवलं. तो अकरा महिन्यांचा कागद मागं पडला.

हा शेवट कायमचा आहे का? नाही. उद्या मालक स्वतःच्या गरजेचा दावा लावू शकतात. पण तो कोर्टात, पुराव्यानिशी. पंधरा दिवसांच्या तोंडी धमकीवर नाही. गड्ड्याची ऑर्डर वेळेत गेली.

मालकाचीही बाजू

माझे सासरे घरमालक आहेत, त्यामुळं दुसरी बाजूही जेवणाच्या ताटावर ऐकतो. १९४७ च्या कायद्यात प्रमाण भाडं १९४० च्या आसपास गोठलेलं राहिलं. वाड्याचं कौल बदलायला हजारो रुपये आणि भाडं महिन्याला चहाच्या बिलाएवढं. सुप्रीम कोर्टानंही डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं, की ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढीचा हक्क मालकाला मिळाला. दीड हजार भाडं असेल तर ते साठ रुपये होतात. दुरुस्ती आणि करातली वाढ याचे नियम वेगळे. ही वाढ मागितली तर कुरकुर न करता द्या. "कायदा माझ्या बाजूनं आहे" म्हणून भाडं थकवणारा भाडेकरू स्वतःच मालकाच्या हातात कारण देतो.

नव्यानं घर घेताय?

मग बहुतेक लिव्ह अँड लायसन्सच मिळेल. घ्या, पण नोंदणीकृत घ्या. स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. खर्चही फार नाही. सहा हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने. पाव टक्क्यानं मुद्रांक दोनशेच्या आत, शहरात नोंदणी फी हजार. साधारण दीड हजारात काम होतं. त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट किती दिवसांत परत, मुदतीआधी सोडायला किती दिवसांची नोटीस, आणि घरून धंदा करत असाल तर त्याची परवानगी.

या आठवड्याचा गृहपाठ

१. एक फाइल करा. करार, पावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, जुने फोटो. खिळ्याला काही लावायचं नाही! प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

२. या महिन्यापासून भाडं बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, महिन्याचं नाव लिहून. रोखच द्यावं लागत असेल तर पावती मागा.

३. तुम्ही भाडेकरू की लिव्ह अँड लायसन्सवाले, ते आज रात्री करार काढून वाचा. आईवडिलांचा करार असेल तर तोही वाचा.

४. नवा कागद आला तर "उद्या सांगतो" म्हणा. उद्यापर्यंत तो जाणत्या माणसाला दाखवा.

शेवटचं. आमचे वडील आता घरीच असतात. गेल्या वर्षी मी नवीन दुकानाचा करार केला, तेव्हा त्यांना सोबत घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं वाचली, तासभर लावला. सब-रजिस्ट्रार ऑफिसातला क्लार्क कंटाळला. मी नाही कंटाळलो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.